पिंपभर संस्कृती

"तुमच्या कॉलनीत कल्चर नाही," असं कुणी आपल्याच सभेत, आपलाच चहा पिता पिता सांगितलं तर माणसाने काय करावं, याचा विचार कॉलनीच्या घटनेत केलेला नव्हता. त्यामुळे इंजिनिअर तसं म्हणाला तेव्हा सगळ्यांनी आधी कप खाली ठेवले.

मग दातांचे डॉक्टर म्हणाले, "म्हणजे? आमच्याकडे दोन पीएचडी राहतात."

अध्यक्षांचं कापडाचं दुकान होतं. कुठलाही प्रश्न आला की ते आधी माप घेत. त्यांनी विचारलं, "किती कमी पडतंय?"

"कमी नाही, अजिबातच नाही," इंजिनिअर म्हणाला. बेकरीवाल्यांच्या आई पिशवी उचलून सरळ घरी गेल्या.

इंजिनिअर बिचारा टाक्यांबद्दल बोलत होता. नदीकाठची ती एका रस्त्याची कॉलनी. आजवर तिथलं सगळं सांडपाणी एका नाल्यातून बिनबोभाट नदीत जायचं. आता मोठ्या खटपटीने नाल्याच्या तोंडाशी शुद्धीकरणाचा प्लान्ट उभा राहिला होता. ओळीने टाक्या, पिंजऱ्यात एक ब्लोअर आणि नदीकडे जाणारा जाड पाइप. घाण पाणी टाकीत जायचं, ब्लोअर त्यात रात्रंदिवस हवा सोडायचा, आणि पलीकडून पाणी जसंच्या तसं, फक्त जरा दमून बाहेर पडायचं.

"घाण खाणारे जिवाणू असतात," इंजिनिअरने सगळ्यांना पुन्हा बसवून समजावलं. "चिखलासारखे दिसतात. त्याला कल्चर म्हणतात. ते टाकीत नसेल तर तुमचा प्लान्ट म्हणजे नुसता हौद. एखाद्या चालू प्लान्टमधून दोन ड्रम आणायचे आणि ओतायचे, की झालं काम. ही खालची वस्ती आहे ना, त्यांच्याकडे एक नंबर कल्चर आहे. माणसंही देतील अशी आहेत."

यावर सगळ्यांच्या माना एकदम अनुस्वाररावांकडे वळल्या.

अनुस्वारराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांची उभी नोकरी गेली होती, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर जाऊन बसायची त्यांना सवय होती. त्यावरून कॉलनीने हे नाव ठेवलं. निवृत्तीनंतरही लाल पेन्सिल त्यांच्या खिशात असे. वाण्याच्या पाटीवरची वेलांटी, पाण्याच्या बिलावरचा उकार, शेजाऱ्याच्या मुलीच्या लग्नपत्रिकेतला निसटलेला काना, काहीच त्यांच्या तावडीतून सुटलं नव्हतं. शुद्धीकरण समिती स्थापन झाली तेव्हा 'शुद्ध' एवढा शब्द ऐकून लोकांनी त्यांना तिचं प्रमुख केलं. स्वतः अनुस्वाररावांचं कारण मात्र वेगळं होतं. ते कारण म्हणजे दात.

झालं होतं असं, की गेल्या वर्षी अनुस्वाररावांना संडासात वाकलेले असताना शिंक आली. वरची कवळी सुटली, आणि ती वाचवण्यासाठी म्हणून त्यांनी जो हात पुढे केला, तो नेमका पाण्याच्या बटणावर पडला. दात गेले. नदीच्या खालच्या अंगाला, वळणापलीकडच्या वस्तीत, त्यांची थोरली बहीण राहायची. ताई सकाळी आपल्या दारातल्या पायऱ्यांवर बादली विसळायला उतरली तर शेवटच्या पायरीवर दात. कुणाचे, हे विचारायची गरज नव्हती. त्यांच्या घराण्यात सगळ्यांच्या पुढच्या दोन दातांत फट होती, आणि मूळ प्रतीशी इमान राखायचं म्हणून अनुस्वाररावांनी कवळीतही ती फट हट्टाने ठेवून घेतली होती.

ताईने दात स्वच्छ धुऊन, साबणाच्या डबीत घालून, दूधवाल्याबरोबर परत पाठवले. सोबत निरोप होता: "तुझे दात माझ्या पायरीला लागले. पाणी स्वच्छ होईपर्यंत बाकीचा तू येऊ नकोस."

अनुस्वारराव गेले नाहीत. गेले नाहीत, पण त्यांना ताईची आठवण यायची. रोज यायची. दर रविवारी ते तिच्याकडे वर्तमानपत्र घेऊन जात आणि तिला त्यातल्या चुका वाचून दाखवत. बातमी काय आहे हे दोघांनाही शेवटपर्यंत कळत नसे. ताई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायची. आईवडील गेल्यापासून त्यांना 'बाळ्या' म्हणणारं जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं. आता रविवारी ते एकटेच चुका काढत आणि कुणीच हसत नसे.

प्लान्टसाठी ते झटले ते यासाठी. पाणी स्वच्छ झालं की बाटलीत भरायचं, ताठ मानेने ताईकडे जायचं आणि म्हणायचं, घे. ज्या बहिणीला स्वच्छ पाणी दाखवायचं, तिच्याच दारात चिखल मागायला जायचं? तेही अशा बहिणीच्या, जी खालच्या वस्तीच्या प्लान्टची प्रमुख होती, आणि जिच्या प्लान्टच्या उद्घाटनालाच अनुस्वाररावांनी फलकावरच्या 'शुद्धिकरण'मधली वेलांटी पाहुण्यांसमोर लाल पेन्सिलीने दीर्घ केली होती?

"उसनं कल्चर आपल्याला नको," ते सभेत उभे राहून म्हणाले. "आपण रीतसर, सरकारकडून घेऊ."

इंजिनिअरने कपाळाला हात लावला. पण टाळ्या पडल्या होत्या. टाळ्या पडल्यावर कॉलनीत कुठलाच ठराव मागे घेतला जात नसे.

*

नदी कार्यालयातल्या खिडकीमागे एक बाई बसत. त्यांनी अनुस्वाररावांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अर्ज करा. पण शुद्ध भाषेत हवा. परका शब्द आढळला की अर्ज परत जातो."

असाही नियम या जगात आहे हे कळल्यावर अनुस्वाररावांना भरून आलं. "कोण वाचतं हे अर्ज?" त्यांनी आदराने विचारलं.

"वाचत कुणी नाही," बाई म्हणाल्या. "पण परत पाठवतात."

घरी येऊन अनुस्वारराव टेबलाशी बसले. इंजिनिअरचा अभियंता झाला. पाइपची नळी झाली. ब्लोअरचा 'पवनप्रेरक' झाला, आणि तो लिहिल्यावर त्यांनी पेन खाली ठेवून थोडा वेळ त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. ड्रमची पिंपे झाली. मग कल्चर आलं.

पारिभाषिक कोशात कल्चरपुढे शब्द दिला होता, 'संवर्ध'. अनुस्वाररावांनी चष्मा पुसला. संवर्ध? आयुष्यभराच्या अनुभवाने त्यांना एका नजरेत कळलं की हा 'संवर्धन' आहे आणि छापखान्यातल्या जुळाऱ्याच्या हातून 'न' गळाला आहे. त्यांनी लाल पेन्सिलीने कोशात 'न' घातला. आता अडचण अशी, की दोन पिंपे संवर्धन मागण्यात काही अर्थ नव्हता. मग त्यांनी दुसरा, घरातला रोजचा कोश उघडला, आणि तिथे पहिल्याच ओळीत, ठळक टायपात, एकही अक्षर न गळता, शब्द उभा होता. त्यांनी लिहिलं:

"सदर केंद्रात संस्कृतीचा पूर्ण अभाव असून त्यामुळे सर्व घाण जशीच्या तशी नदीत जाते. तरी आपल्या स्तरावरून उत्तम प्रतीची, जिवंत संस्कृती, दोन पिंपे, केंद्रात तातडीने उपलब्ध करून द्यावी, ही विनंती."

बायकोने अर्ज वाचला. "हे कुणाला कळणार?" तिने विचारलं.

"ज्याला भाषा कळते त्याला," अनुस्वारराव म्हणाले.

"म्हणजे कुणालाच नाही," असं म्हणून ती भाजी निवडायला गेली.

*

अर्जाचं उत्तर येईपर्यंत कॉलनी स्वस्थ बसली असती तर ती कॉलनी कसली. दातांचे डॉक्टर म्हणाले, "जिवाणूच हवेत ना? माझ्याकडे माणसं रोज तोंड भरभरून घेऊन येतात." पेशंटनी चूळ एका बादलीत भरावी, अशी त्यांची योजना होती. अध्यक्षांचं म्हणणं, की बाहेर हात पसरण्यापेक्षा प्रत्येक घराने आपापलं थोडं थोडं द्यावं. त्यावर कुणीतरी म्हणालं की ते आपण रोज सकाळी देतोच आहोत. ही सूचना इतिवृत्तात घ्यावी की नाही यावर पुढची अख्खी सभा गेली.

बेकरीवाले मात्र बोलणाऱ्यांपैकी नव्हते. ते करणाऱ्यांपैकी होते, आणि असली माणसं फार घातक असतात. पीठ फुगवतं ते यीस्टही शेवटी जिवंतच, एवढं शास्त्र त्यांना ठाऊक होतं. त्यांनी बेकरीतलं उरलंसुरलं यीस्ट टाकीत ओतलं, वर त्याला खायला म्हणून साखरेचं पोतं रिकामं केलं, आणि चांगलं मिसळावं म्हणून ब्लोअर शेवटच्या खुणेपर्यंत फिरवला. त्या दिवशी धुण्याचा वार होता. घराघरांतून साबणाचं पाणी येतच होतं.

दुपारपर्यंत टाकीला फेस आला. चारच्या चहाला तो कठड्यावरून उतरून रस्त्याने घरांकडे निघाला. अध्यक्षांची स्कूटर आधी चाकांपर्यंत आणि मग आरशांपर्यंत दिसेनाशी झाली. दातांच्या डॉक्टरांचा एक पेशंट चाचपडत भलत्याच घरात शिरला आणि तिथल्या आरामखुर्चीत आ वासून बसला. अनुस्वारराव छत्री उघडून फेसात उभे राहिले आणि "शांतता राखा" असं सांगत राहिले. फेस सोडून सगळे शांतच होते. ब्लोअर बंद केल्यावर तो हळूहळू बसला, आणि बसला म्हणजे काय, तर पाइपाने नदीत उतरून खालच्या अंगाला गेला.

दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने चिठ्ठी आणून दिली. ताईचं अक्षर. "आधी दात आले. आता फेस आला. ब्रश कधी पाठवतोस?"

अनुस्वाररावांनी ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. हे त्यांना जास्त लागलं.

*

आणि मग नदी कार्यालयाचं उत्तर आलं. "आपल्या मागणीनुसार संस्कृती मंजूर करण्यात आली आहे. रविवारी सकाळी पोहोचेल. कृपया बसण्याची व्यवस्था करावी."

"बसण्याची?" बायकोने विचारलं.

"गाळ खाली बसतो ना, त्याची," अनुस्वारराव म्हणाले. पण हळूच घरातल्या खुर्च्याही मोजून ठेवल्या.

रविवारी कॉलनीत एक बस शिरली. तिच्यातून सांस्कृतिक विभागाचे अधिकारी उतरले, त्यांच्यामागून खांद्यावर शाल घेतलेले एक वयोवृद्ध गायक, एक व्याख्याते, आणि सर्वांत शेवटी, मोठमोठी वाद्यं सांभाळत, दोन ड्रमवाले.

"पिंपे म्हणजे ड्रम, असा आम्ही अर्थ लावला," अधिकारी हात जोडून म्हणाले. "तुमची भाषा फार उच्च आहे. आमच्या कार्यालयात तीन टेबलांवर चर्चा झाली. केंद्र कुठे आहे?"

अनुस्वाररावांनी त्यांना बाजूला घेतलं. "अहो, थोडा घोटाळा झालाय. मला जी संस्कृती हवी होती ती जिवंत असते."

"ही जिवंतच आहे," अधिकारी गायकांकडे पाहत जरा दुखावून म्हणाले. "सकाळी बसच्या पायऱ्या ते स्वतः चढले."

"तसं नव्हे. ती घाण खाते."

"हे मात्र त्यांच्यासमोर बोलू नका," अधिकारी आवाज खाली आणून म्हणाले.

अर्जात 'केंद्रात' असा शब्द असल्यामुळे कार्यक्रम समाजमंदिरात घ्यायला अधिकाऱ्यांनी ठाम नकार दिला. शेवटी अध्यक्षांच्या दुकानातल्या फळ्या टाक्यांवर आडव्या टाकल्या आणि त्यांवर सतरंजी अंथरली. खाली पाणी, त्यात बुडबुडे, वर संस्कृती. कॉलनीची माणसं वाऱ्याची दिशा बघून खुर्च्या मांडत होती, आणि वारा फिरला की खुर्च्या फिरत होत्या.

गायक कसलेले होते. त्यांनी वास येताच कार्यक्रम सोडला नाही, फक्त दोन बोटांनी नाक धरलं. त्यामुळे पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं गाणं नाकातून आलं. साध्या शब्दांनाही अशी काही टिंबं चढली, की श्रोते सारखे वळून अनुस्वाररावांकडे बघू लागले. एरवी त्यांनी असल्या उच्चारांवर लेख लिहिला असता. त्या दिवशी ते नदीकडे तोंड करून उभे राहिले.

नंतर व्याख्याते बोलायला उठले. विषय होता, 'संस्कृतीचा प्रवाह'. प्रवाहाबरोबर पुढे जावं की थोडं मागे सरून पाहावं, असा प्रश्न त्यांनी टाकला आणि ते थोडे मागे सरले. ड्रमवाल्यांनी त्यांना दंडाला धरून वेळेवर ओढलं. माणूस वाचला. डाव्या पायातला बूट मात्र टाकीच्या कठड्यावर आपटून सरळ नदीत पडला आणि वळणाकडे निघून गेला.

जाताना अधिकाऱ्यांनी अनुस्वाररावांपुढे कागद धरला. 'संस्कृति मिळाली, तक्रार नाही.' अनुस्वाररावांनी आधी 'ति' दीर्घ केली आणि मग सही केली. इतक्या खचलेल्या अवस्थेतही हात चुकला नाही, हे पाहून बायकोला त्यांची दया आली.

दुसऱ्या दिवशी खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "तुमची मागणी पूर्ण झालेली आहे. एका केंद्राला एकदाच संस्कृती मिळते. पुन्हा हवी असेल तर पाच वर्षांनी या."

घरी आले तर चिठ्ठी वाट बघत होती. "दात आले, फेस आला, आता बूट आला. हप्त्याहप्त्याने येतोयस, त्यापेक्षा एकदाच ये."

अनुस्वारराव चिठ्ठी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "बूट माझा नाही," ते म्हणाले.

"एवढंच वाचलंत?" बायको म्हणाली. "अहो, ती ये म्हणतेय. जा आणि मागून घ्या."

"मागू काय? 'संस्कृती दे' म्हणू?"

बायको ओट्याशी दूध कोमट करत होती. तिने कालच्या दह्यातलं चमचाभर दुधात घातलं आणि भांड्यावर झाकण ठेवलं. "हे मी आत्ता काय घातलं?"

"विरजण."

"मग ते तेच आहे. जिथे चांगलं लागलेलं असतं तिथून थोडं आणायचं आणि आपल्यात घालायचं. घरात नसलं की शेजारी मागतात. त्याला अर्ज करत नाहीत."

अनुस्वाररावांनी शब्द दोन-तीनदा तोंडात फिरवला. शब्द शुद्ध होता. कोशात होता. एवढंच नव्हे, तर नेमकाही होता, आणि तो आपल्याला सुचला नाही याचा त्यांना खोल धक्का बसला. "पण विरजण पडतं ते आनंदावर," त्यांनी शेवटचा प्रयत्न करून पाहिला. "हिरमोड झाला की म्हणतात."

"आनंदावर टाकायला कुणी सांगितलंय? टाकीत टाका."

*

बेकरीवाल्यांनी टेम्पो दिला. फेसापासून ते कॉलनीत कुणालाच नाही म्हणत नव्हते. मागे दोन रिकामी पिंपं आणि त्यांच्यामध्ये अनुस्वारराव, अशी वरात खालच्या वस्तीत पोहोचली.

ताई पायऱ्यांवरच होती. शेजारी एक बूट उन्हात वाळत ठेवला होता. वर्षभरात तिचे केस आणखी पिकले होते. ते बघून अनुस्वाररावांना जे काही बोलायचं म्हणून वाटेत ठरवलं होतं, ते सगळं विसरायला झालं.

"ये," ताई म्हणाली. "सगळा आलास का?"

"आलो."

"काय हवंय?"

"ते… सूक्ष्म जिवाणूंचा जो समुच्चय असतो, ज्याला परभाषेत…"

"बाळ्या."

"विरजण हवंय, ताई," अनुस्वारराव म्हणाले. "आमचं लागतच नाहीये."

ताई उठली आणि पदर खोचून प्लान्टकडे चालू लागली. "किती?"

"दोन पिंपं."

फलकावरची वेलांटी अजून लाल पेन्सिलीतच दीर्घ होती. कुणी पुसली नव्हती आणि कुणी रंगवलीही नव्हती. अनुस्वाररावांनी नजर खाली घातली. टाकीतला दाट, कॉफीच्या रंगाचा चिखल त्यांनी बादलीबादलीने पिंपांत भरला. त्याला पावसानंतरच्या मातीसारखा वास होता. ताईच्या टाकीतून पलीकडे पडणारं पाणी असं स्वच्छ होतं, की तळाचे गोटे दिसत होते.

"घरात ये म्हणणार नाही," ताई म्हणाली. "बोलले ते बोलले. आधी तुझं पाणी दाखव." मग आत जाऊन तिने एक जुनी लाकडी रवी आणून त्यांच्या हातात दिली. "घरी पोहोचेपर्यंत घुसळत राहा. याला हवा नाही मिळाली तर मरतं. दह्याच्या अगदी उलट. आणि रवी परत आणू नकोस."

अनुस्वारराव टेम्पोत उभे राहून, एकदा या पिंपात आणि एकदा त्या पिंपात, सगळ्या गावातून रवी फिरवत निघाले. सिग्नलपाशी छापखान्यातला त्यांचा जुना सहकारी सायकलवर थांबला होता. एकेकाळी अनुस्वाररावांनी त्याचा राजीनामासुद्धा तपासून दिला होता.

"काय साहेब, ताक का?"

"विरजण," अनुस्वारराव घुसळता घुसळता म्हणाले.

"बाप रे. केवढं दही लावताय?"

"अख्ख्या कॉलनीचं," अनुस्वारराव म्हणाले. सिग्नल सुटला. आपण सगळ्या गावासमोर घाण घुसळतो आहोत आणि आपल्याला लाज वाटत नाही, याचं त्यांना पुढच्या वळणापर्यंत नवल वाटत राहिलं.

पिंपं टाकीत रिकामी झाली. त्यानंतर रोज सकाळी कॉलनीतलं माणूसन्‌माणूस टाकीत डोकावून विचारी, "लागलं का?" दातांचे डॉक्टर वाकून पाणी हिरड्यांसारखं तपासत. अध्यक्ष काठी बुडवून गाळाचं माप घेत. बेकरीवाल्यांना कठड्यापासून दहा पावलं लांब थांबायला सांगितलं होतं आणि ते थांबत. पाणी आधी काळं होतं. मग कोऱ्या चहासारखं झालं. मग एका सकाळी इंजिनिअरने काचेची बरणी भरून कट्ट्यावर ठेवली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चिखल सावकाश खाली बसला आणि वर नितळ पाणी उरलं.

अनुस्वाररावांनी त्या पाण्याची बाटली भरून घेतली. बाटलीमागे त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरलं. अक्षरं दिसली. ओळी दिसल्या. तिसऱ्या ओळीत 'मंत्री'वरचा अनुस्वार गळालेला दिसला. पाणी स्वच्छ झाल्याचा याहून भक्कम पुरावा त्यांना नको होता. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, बाटली बगलेत मारली आणि दार उघडलं.

दारात ताई उभी होती. मागे टेम्पो, आणि टेम्पोत दोन रिकामी पिंपं.

"तुझ्या अर्जाने माझं विरजण मारलं," ती म्हणाली.

झालं होतं असं, की अनुस्वाररावांचा अर्ज आणि त्यांची 'तक्रार नाही' ही सही वरपर्यंत गेली होती, आणि वर ती फार आवडली होती. आता प्रत्येक सांडपाणी केंद्रात संस्कृती पोहोचवायची असं धोरण निघालं. दुसरा नंबर खालच्या वस्तीचा लागला. पण गेल्या वेळी गायकांना नाक धरावं लागलं, याची नोंद झालेली होती. म्हणून कार्यक्रमाआधी पाण्याचा टँकर भरून फिनेल आलं आणि वस्तीच्या एकूण एक गटारांत ओतलं गेलं. गाणं छान झालं, नाकात एक स्वर गेला नाही. टाकीतलं मात्र सगळं मेलं.

"आज सकाळपासून माझ्याकडून काळं पाणी खाली जातंय," ताई म्हणाली. "आणि मी तुला वर्षभर येऊ दिलं नाही."

अनुस्वाररावांना खूप बोलायचं होतं. 'संवर्ध' हा शब्द कोशात बरोबरच होता, हे त्यांना परवाच कळलं होतं, तेसुद्धा सांगायचं होतं. त्यांनी नुसती बाटली पुढे केली. ताईने ती उजेडात धरली, हलवली, पुन्हा धरली. मग चपला काढल्या आणि उंबरा ओलांडून आत येऊन खुर्चीत बसली.

"बाळ्या," ती म्हणाली, "दोन पिंपं संस्कृती दे."

"विरजण म्हण, ताई."

ती आधी गालातल्या गालात हसली, मग डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली, तशी ती रविवारीच हसायची. ते बघून अनुस्वाररावांनाही हसू आवरेना. वरची कवळी सुटली तसा त्यांनी घाईघाईने तोंडावर हात दाबला.

"सांभाळ," ताई पदराने डोळे पुसत म्हणाली. "आता मी इथे आहे. खाली झेलायला कुणी नाही."